दादाच्या खुब्यातला पांढरा थर

डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून नमुन्याचा स्टेम, म्हणजे खुबा बदलताना मांडीच्या हाडात बसवतात तो धातूचा दांडा, काढला आणि दादाच्या हातात दिला. वीतभर लांबीचा, खाली निमुळता होत गेलेला, मानेचा चकचकीत भाग सोडला तर अंगभर पांढरा. दादाने तो उलटसुलट करून पाहिला, पांढऱ्या भागावरून अंगठा फिरवला, मग अंगठ्याकडे पाहिलं. अंगठ्याला काही लागलं नव्हतं.

"मने, ह्याला चुना का फासलाय गं?"

डॉक्टर सांगायला लागणार तेवढ्यात तोच म्हणाला, "थांबा डॉक्टर, हिला विचारतो. हिचं हेच काम आहे."

खरंच हेच माझं काम आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत, धातूच्या इम्प्लांटवर हा पांढरा थर चढवणाऱ्या खात्यात मी गेली अनेक वर्षं आहे. आधी मशीनवर होते, आता क्वालिटीला. हजारो स्टेम हाताखालून गेले. प्रत्येकाला नंबर असतो, रूट कार्ड असतं, माणूस मात्र कधी दिसत नाही. त्या दिवशी ओपीडीत पहिल्यांदाच स्टेम आणि तो ज्याच्या मांडीत जाणार तो माणूस एकाच वेळी समोर होते, आणि तो माणूस माझा दादा होता. मला धड उत्तर देता आलं नाही. "चुना नाही रे, हाडात असतं तेच आहे," एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. त्या उत्तरात राहून गेलेलं इथे लिहिते आहे.

दादा बेस्टमध्ये ड्रायव्हर. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडने तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता. ऑक्सिजन खाली यायला लागल्यावर स्टिरॉइड द्यावी लागली, त्यानेच तो वाचला. पुढच्या वर्षी डाव्या जांघेत दुखायला लागलं. क्लच दाबताना कळ यायची. तो म्हणायचा बसून बसून कंबर धरलीय. एमआरआय झाला तेव्हा कळलं की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलाय. डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. रक्त न मिळालेलं हाड मरतं आणि वरच्या वजनाने हळूहळू ढासळतं. स्टिरॉइडनंतर हे होऊ शकतं. दादाचा गोळा एका बाजूने चेपला होता. वय एकोणपन्नास. गोळा बदलण्यावाचून दुसरा उपाय उरला नव्हता.

आता त्या पांढऱ्याचं.

आपल्या अंगात परकी वस्तू गेली की शरीर तिला एकतर बाहेर ढकलतं, किंवा तिच्याभोवती तंतूंची पातळ पिशवी विणून तिला वेगळं पाडतं. बोटात रुतलेल्या काट्याभोवती घट्टा होतो, तसंच काहीसं. हाडात बसवलेल्या धातूभोवती अशी मऊ पिशवी झाली, तर तो धातू पाऊल टाकेल तसा हलणार, हलेल तसा दुखणार, आणि शेवटी सैल होणार. म्हणून १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुबा बदलायची पद्धत बसवली, तेव्हा स्टेम हाडात पक्का करायला त्यांनी अॅक्रिलिकचं सिमेंट वापरलं. ते आजही वापरतात, वयस्कर माणसांत तर खूपच. पण सिमेंट म्हणजे फट बुजवणारं भरण. हाड त्याला चिकटत नाही, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाला पुढची तीस वर्षं काढायची असतात.

या सगळ्या विषयातले दोन महत्त्वाचे शोध "निघेना" या एका शब्दात मावतात. १९५२ मध्ये स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटेनियमची छोटी नळी बसवून रक्ताचा प्रवाह पाहत होते. काम संपल्यावर नळी काढायला गेले, तर निघेना. हाड टायटेनियमला येऊन भिडलं होतं. पुढे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात दातांना आधार देणारे टायटेनियमचे खुंट बसवले. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. लॅरी हेंच हे काचेवर काम करणारे प्राध्यापक. १९६७ मध्ये एका परिषदेला जाताना बसमध्ये त्यांच्या शेजारी व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल बसला होता. तो म्हणाला, प्लास्टिकं आणि धातू शरीर नाकारतं, आमच्या पोरांचे हातपाय कापावे लागतात. शरीर स्वीकारेल असं काही बनवता येतं का? हेंचनी सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची एक काच बनवली, उंदराच्या मांडीच्या हाडात बसवली. सहा आठवड्यांनी ती काढायला गेले, तर तीही निघेना. मात्र इथे गोष्ट वेगळी होती. टायटेनियमला हाड भिडलं होतं, या काचेशी त्याचा रासायनिक सांधा जुळला होता. तिला पुढे बायोग्लास हे नाव पडलं. शरीराशी अशी देवाणघेवाण करणाऱ्या पदार्थांना बायोअॅक्टिव्ह म्हणतात, तो विचार इथून सुरू झाला.

बायोग्लासच धातूवर लावून का मोकळं होत नाहीत, असं मला नवीन मुलं विचारतात. लावून पाहिलंय लोकांनी. ती काच तापल्यावर टायटेनियमपेक्षा बरीच जास्त प्रसरण पावते, त्यामुळे निवताना आकसून तडकते. शिवाय शरीरात विरघळण्याचा तिचा वेग मोठा. तिचे घटक बदलून हे जमवता येतं, पण खुब्याच्या बाजारात जम बसला तो हायड्रॉक्सीअॅपेटाइटचा. आमच्याकडे सगळे त्याला नुसतं "एचए" म्हणतात. कॅल्शियम आणि फॉस्फेटचा स्फटिक, कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण १.६७. हाडाच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग खनिज असतो, आणि ते खनिज याच जातीचं. १९८५ मध्ये लंडनला रोनाल्ड फरलाँग यांनी एचए लावलेला स्टेम माणसाच्या खुब्यात बसवला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये कोरेल हा स्टेम आला, तो अंगभर पांढरा, थराची जाडी साधारण १५० मायक्रॉन. म्हणजे दीड-दोन केसांएवढी. तो आजही चालू आहे.

हा थर करतो काय? हाडात गेल्यावर तो वरवरचा जरासा विरघळतो. त्याच्या अंगालगतच्या द्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट वाढतं, आणि तिथेच नवीन, हाडासारखं खनिज पुन्हा बसायला लागतं. त्यात प्रथिनं गुंततात, हाड बांधणाऱ्या पेशी येऊन बसतात. त्यांना ही जागा ओळखीची वाटते असं मी मुलांना सांगते. शास्त्राच्या भाषेत ते चुकीचं असेल, पण कामाच्या भाषेत बरोबर आहे. नवीन हाड मग दोन्हीकडून वाढतं: जुन्या हाडाकडून स्टेमकडे आणि स्टेमच्या अंगावरून बाहेर. फट लवकर भरते.

आता आमच्या शेडमध्ये या.

स्टेम आला की आधी त्याच्यावर अॅल्युमिनाची कच जोरात मारून अंग खडबडीत करायचं. याला आम्ही ब्लास्टिंग म्हणतो, पण मला ते पहिल्यांदा समजलं गवंड्यावरून. आमच्या चाळीत डागडुजी चालली होती, आणि गवंडी गुळगुळीत काँक्रीटच्या खांबावर छिन्नीने टाचे मारत होता. मी विचारलं, चांगल्या खांबाला का घाव घालता? तो म्हणाला, "ताई, टाचे मारल्याशिवाय गिलावा धरत नाय. आज दिसल, दोन पावसाळ्यात फुगून पडल." आमच्या पूर्ण प्रक्रियेचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्याही मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही. एचए टायटेनियमला मुख्यतः असाच धरून बसतो, खाचाखोचांत अडकून. टाचे कमी पडले तर वरचा थर कितीही शुद्ध असो, उपयोग नाही.

मग धुणं, वाळवणं, मान आणि टेपर (गोळा बसतो ते वरचं टोक) यांच्यावर थर बसू नये म्हणून त्यांना मास्किंग, आणि फिक्स्चरवर लावून बूथमध्ये. प्लाझ्मा गन चालू होते तेव्हा आवाज कानात नाही, छातीत लागतो. आरगॉन आणि हायड्रोजनमधून विजेची कमान जाते आणि नोझलमधून जी ज्योत निघते तिचं तापमान दहा हजार अंशांच्या वर असतं. काळ्या काचेतूनच पाहायचं. त्या ज्योतीत बाजूने पांढरी पावडर सोडली जाते. प्रत्येक कण ज्योतीत फार थोडा वेळ असतो, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. तेवढ्यात तो बाहेरून वितळतो, फिरत्या स्टेमवर जाऊन आपटतो, चपटा होतो आणि जागच्या जागी थिजतो. मायक्रोस्कोपखाली मी पहिल्यांदा तो तुकडा पाहिला तेव्हा मला आईचं घावन आठवलं. तव्यावर पीठ पडतं, पसरतं, कडा पातळ, मध्ये जाळी. तशी हजारो घावनं एकावर एक, वेडीवाकडी, मध्ये बारीक भोकं. तो १५० मायक्रॉनचा थर असा बनतो. एवढ्या ज्योतीसमोर स्टेम मात्र फार तापू द्यायचा नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी हवेचे झोत चालू असतात. त्याने तापून नंतर आकसायचं नाही.

आणि इथेच दादाच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे.

एचएला इतकी उष्णता मानवत नाही. जास्त तापला तर त्यातलं पाणी उडून जातं, स्फटिक मोडतो आणि दुसरी कॅल्शियम फॉस्फेटं तयार होतात. काही भाग काचेसारखा, स्फटिकाविना थिजतो. अजून तापला तर त्यातून सुटं कॅल्शियम ऑक्साइड निघतं. कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे कळीचा चुना. ऑपरेशनच्या आधी दोन दिवस मी घरी गेले तेव्हा दादाला हे सांगितलं. "आठवतं, दिवाळीआधी चाळीत पिंपात कळीचा चुना भिजवायचे?" त्याला लगेच आठवलं. खडे पाण्यात पडले की पिंप खदखदायचं, वाफा यायच्या, खडे फुगून फुटायचे, आणि आई आम्हा दोघांना दंडाला धरून मागे ओढायची. "तेच जर ह्या थरात राहिलं," मी म्हटलं, "तर तुझ्या अंगातलं पाणी लागल्यावर ते फुगणार, विरघळणार, आणि थर आतून फोडणार. म्हणून चुना तर नाहीच नाही. तो आहे का हेच शोधायला माझा पगार आहे."

तो शोध आम्ही एक्स-रे डिफ्रॅक्शनने घेतो: थरावर एक्स-रे सोडायचे आणि ते कुठल्या कोनांत परततात ते पाहायचं. आलेखावर प्रत्येक स्फटिकाची आपापली टोकं उठतात. एचएची उंच टोकं ३२ अंशांच्या अलीकडून सुरू होतात. चुन्याचं टोक ३७.४ च्या आसपास. रिपोर्ट हातात आला की माझा डोळा आधी तिथेच जातो, बाकीचं मग. तिथे जमीन सपाट दिसली की बरं वाटतं. याच्या उलटही चूक होते. गन फार मंद ठेवली तर कण नीट वितळत नाहीत, घावनाऐवजी गोळे बसतात आणि थर भुसभुशीत होतो. जास्त तापवलं तर विरघळून लवकर जाणारा, कमी तापवलं तर झडणारा. मधली पट्टी अरुंद असते, आणि नोझल झिजेल तशी ती रोज थोडी सरकते.

मुंबईत पावसाळा हा वेगळा विषय आहे. एचएची पावडर दमट झाली की रांगोळीसारखी सरसर वाहायच्या ऐवजी गुठळ्या धरते आणि फीडर उचक्या दिल्यासारखी पावडर सोडतो. आम्ही पावडर ओव्हनमध्ये वाळवून घेतो, कॉम्प्रेसरच्या हवेतलं पाणी काढायचे फिल्टर जुलैत दुप्पट वेळा तपासतो.

हे मी शिकले ते एका लॉटमुळे, आधीच्या नोकरीत, दुसऱ्या एका कारखान्यात. जुलै महिना, संध्याकाळी ब्लास्टिंग करून धुतलेले चाळीस स्टेम बूथमध्ये जायचे होते. पाणी भरलं, लोकल बंद पडल्या, पुढच्या शिफ्टची माणसं आलीच नाहीत. स्टेम रात्रभर उघड्या ट्रेवर राहिले. नियम असा की ब्लास्टिंगनंतर लगेच कोटिंग, राहिले तर पुन्हा ब्लास्टिंग. सकाळी घाई होती, कुणीतरी ते तसेच चढवले. टायटेनियम गंजत नाही, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नव्हतं. थरही सुंदर पांढरा आला होता.

प्रत्येक लॉटबरोबर आम्ही त्याच धातूच्या चकत्या कोट करतो. त्यांना कूपन म्हणतात. पंचवीस मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्या पांढऱ्या तोंडावर दुसरी उघडी चकती खास चिकटपट्टीने ओव्हनमध्ये चिकटवायची, मग मशीनवर दोन्ही बाजूंनी ओढायचं. आयएसओचा नियम किमान १५ मेगापास्कल. एवढ्याशा चकतीवर साधारण साडेसातशे किलोचा ताण. त्या दिवशी पहिलं कूपन ९ वर सुटलं. दुसरंही ९ च्या आसपास. आकड्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते तुटलेलं तोंड. गोंद फाटला असेल तर त्याचा अर्थ थर गोंदापेक्षा मजबूत. दोन्हीकडे पांढरं असेल तर थर मधूनच फाटला. मी चकत्या उचलून ट्यूबलाइटखाली धरल्या. गोंदाने चिकटवलेल्या उघड्या चकतीवर पांढरा थर अख्खा, कोट केलेल्या चकतीवर नुसता राखाडी धातू, स्वच्छ, जणू त्यावर कधी काही चढवलंच नव्हतं. पापुद्रा सुटावा तसा आख्खा थर निघून आला होता.

मॅनेजर म्हणाले, गोंद नीट लागला नसेल, परत टेस्ट लाव आणि त्यातली चांगली लिही. मला तेव्हा नोकरीला तीन वर्षं झाली होती, घरी पगाराची गरज होती. मी सांगितलं की गोंदाचा दोष असता तर थर धातूवर राहिला असता, आणि मी सही करणार नाही. आरडाओरडा झाला. लॉट होल्डवर गेला, ग्राहकाला कळवावं लागलं, तपासात ट्रेवरची रात्र बाहेर आली. ते स्टेम बाजारात गेले नाहीत. माझी तिथली नोकरी पुढे फार टिकली नाही, पण त्या दोन चकत्या माझ्याजवळ आहेत. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देते.

दादाचं ऑपरेशन नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं, एका सार्वजनिक हॉस्पिटलात. डॉक्टर आणि सिस्टर यांनी जी मेहनत घेतली ती मी विसरणार नाही. त्याला बसवलेला स्टेम आमच्या कारखान्यातला नव्हता. तो निराश झाला. त्याला वाटत होतं की त्याच्या पायात माझ्या हातचं काहीतरी असावं.

एका गोष्टीचा मात्र त्रास झाला, आणि तो सगळ्यांनी वाचावा म्हणून लिहिते. इम्प्लांटच्या खोक्यात स्टिकर असतात: कंपनी, माप, लॉट नंबर, सीरियल नंबर. त्यातला एक केसपेपरवर लागायला हवा आणि एक पेशंटला मिळायला हवा. दादाच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त "अनसिमेंटेड टीएचआर", म्हणजे सिमेंटविना बदललेला खुबा, एवढंच होतं. वहिनी दोनदा जाऊन आल्या, दोन्ही वेळा "रेकॉर्ड खाली गेलंय" असं सांगून त्यांना परत पाठवलं. तिसऱ्या वेळी मी सुट्टी टाकून गेले आणि रेकॉर्ड रूमबाहेर बसून राहिले, तेव्हा झेरॉक्स मिळाली. कारखान्यात एका नंबरासाठी आम्ही किती कागद सांभाळतो! पावडर कुठल्या पोत्यातली, गनवर कोण होतं, कूपन किती वर तुटलं, सगळं त्या नंबराशी बांधलेलं असतं. उद्या एखाद्या लॉटमध्ये दोष निघाला, किंवा दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरला त्या स्टेमवर नवीन गोळा बसवायची वेळ आली, तर तोच नंबर लागतो. तुमच्या घरी कुणाचा खुबा किंवा गुडघ्याची वाटी बदलली असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच स्टिकर मागून घ्या.

डॉक्टरांनी सहा आठवडे वॉकर सांगितला होता. चौथ्या आठवड्यात मी गेले तर दादा वॉकर भिंतीला लावून गॅलरीत उभा, शेजाऱ्यांशी गप्पा. दुखत नाही म्हणाला, मग कशाला. मी तिथेच त्याच्यावर ओरडले, शेजाऱ्यांसमोर. नंतर वाईट वाटलं, पण भीती खरी होती. पहिल्या आठवड्यांत स्टेम फक्त ठोकून बसवल्यामुळे घट्ट असतो. हाड अजून यायचं असतं. त्या काळात प्रत्येक पावलाला तो साधारण १५० मायक्रॉनपेक्षा जास्त हलत राहिला, तर हाडाऐवजी तीच तंतूंची पिशवी तयार होते, आणि मग जगातला सर्वांत चांगला एचएही काही करू शकत नाही. योगायोग असा की थराची जाडीही जवळपास तेवढीच. मी बोटांच्या चिमटीत दाखवलं, इतकंसुद्धा हलायला नको. "दिसतही नाही एवढं," तो म्हणाला. म्हटलं, म्हणूनच तर सांगतेय. त्यानंतर वॉकर सुटला नाही. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवं बसायला बंदी, म्हणून खोलीतच कमोडची खुर्ची आणावी लागली. ते सगळं वहिनींनी निभावलं.

पुढे काय, हेही दादाने विचारलं होतं. हा थर कायम राहतो का? नाही राहत. हाड ही सतत पाडकाम आणि बांधकाम चालू असलेली जागा आहे. पाडकाम करणाऱ्या पेशी जुन्या हाडाबरोबर हा थरही हळूहळू खातात. काही वर्षांनी तो जागोजागी पातळ होतो, कुठे उरतच नाही. त्या जागी हाड थेट खडबडीत टायटेनियमला भिडलेलं असतं. म्हणून मला टाचे जास्त महत्त्वाचे वाटतात. काही दशकांपूर्वी गुळगुळीत धातूवर एचए लावलेल्या वाट्या निघाल्या होत्या, खुब्याच्या खोबणीत बसणाऱ्या. सुरुवातीला छान चालल्या, थर गेल्यावर खाली धरायला काही नव्हतं, आणि त्या मोठ्या प्रमाणात सैल झाल्या. काही अभ्यासांत असंही दिसलंय की मुळातच चांगल्या खडबडीत, सच्छिद्र स्टेमवर एचए लावला काय किंवा न लावला काय, दूरच्या काळात फरक थोडा असतो. माझ्या पोटापाण्याचा विषय असूनही मी हे मान्य करते. पण सुरुवातीचे महिने, हाड आणि धातूमधल्या बारीक फटी, एव्हीएनसारख्या आजारातलं कमकुवत हाड, इथे या थराचं काम मला मोलाचं वाटतं.

आता आमच्याकडे थ्री-डी प्रिंट केलेले तुकडे येतात, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्यात प्लाझ्मा आत शिरू शकत नाही. गन जिथपर्यंत पाहू शकते तिथपर्यंतच थर बसतो, उलट वरची भोकं बुजतात. त्यासाठी वेगळा रस्ता आहे. जपानच्या ताकाशी कोकुबो यांनी रक्तातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी बनवलं. त्यात ३७ अंशांवर योग्य तयारी केलेला धातू ठेवला की हाडासारखं खनिज आपोआप त्यावर बसतं, जाळीच्या आतही. विजेच्या साहाय्याने हेच लवकर करता येतं. आम्ही एका टाकीत प्रयोग सुरू केलेत. थर पातळ येतो, नखाने निघतो कधीकधी. अजून वेळ आहे. आणि सगळ्यांत मोठी काळजी जंतूंची. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये लिहिलं होतं की इम्प्लांटच्या पृष्ठभागासाठी शर्यत लागते, शरीराच्या पेशी आधी पोहोचतात की जंतू. जंतू आधी पोहोचले तर ते स्वतःभोवती चिकट आवरण करतात आणि मग औषध नीट लागू पडत नाही. थरात चांदी मिसळून हे रोखायचे प्रयत्न चालू आहेत. चांदी जास्त झाली तर हाडाच्या पेशींनाही त्रास, कमी झाली तर उपयोग नाही. पुन्हा तीच अरुंद पट्टी.

वर्ष झाल्यावर दादाचा एक्स-रे काढला. मी बरोबर गेले. डॉक्टरांनी फिल्म खिडकीच्या काचेला लावली. स्टेमच्या बाजूने कुठेही काळी रेघ नव्हती. रेघ दिसली तर समजायचं की मध्ये मऊ पिशवी आहे. मधल्या भागात दोन ठिकाणी हाड दाट होऊन स्टेमला येऊन टेकलं होतं. डॉक्टर म्हणाले, याला आम्ही स्पॉट वेल्ड म्हणतो. दादा पुढे झुकला.

"बसच्या पत्र्याला करतात तसं?"

"तसंच."

त्याने फिल्मवर बोट ठेवून खालीवर नेलं. "आणि तो पांढरा थर कुठाय?"

मी म्हटलं, "तो ह्यात वेगळा दिसत नाही. हाडासारखाच असतो ना."

खाली आलो. दादाने फिल्मच्या पाकिटावर मागच्या बाजूला स्टिकरची झेरॉक्स चिकटवली होती, चारही कडांना सेलोटेप लावून. बेस्टने त्याला डेपोत कामाला घेतलंय, गाडी चालवायला अजून परवानगी नाही. बसस्टॉपपर्यंत तो माझ्या पुढे चालत होता.